सेल्फ-क्लीन बटण दाबण्याआधी

वडूज, मायणी, विटा या पट्ट्यातली गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, करणारी माणसं देशभर पसरली आहेत. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोनं १०६४ अंशांना. आचेनं मळ निघतो, हे या भागाला सांगायला नको. त्याच भागातली मुलं-मुली आता परदेशात घरं थाटून आहेत आणि तिथल्या ओव्हनवर ‘सेल्फ-क्लीन’चं बटण असतं. जनरल इलेक्ट्रिकनं असा ओव्हन १९६३ मध्ये बाजारात आणला. बटण दाबलं की दाराला आपोआप कुलूप लागतं, आत सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत आच चढते आणि दोन ते चार तासांत चिकटलेल्या अन्नाची राख होते.

इथूनच मोठा गैरसमज सुरू होतो: ओव्हन जितका घाण, तितकं काम बटणावर सोपवावं. खरं तर उलट आहे. तळाशी साचलेलं तूप, चीज, कोंबडीची चरबी एवढ्या आचेला भरपूर धूर करते आणि पेटूही शकते. म्हणून ओव्हन थंड असताना जाड थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्यानं खरवडून काढा, साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा. राहिलेला राप तेवढा बटणासाठी ठेवा. जाळ्या बाहेर काढा, नाहीतर त्यांची चकाकी जाते. दाराभोवतीची सीलची पट्टी घासू नका. आत जाळ दिसलाच तर दार उघडायची खटपट न करता ओव्हन बंद करा. हवा न मिळाल्यानं जाळ विझतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र फेसाळतात, म्हणून लोकांना ते जोरकस वाटतं. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दोघं एकमेकांचा जोर मारतात. नुसत्या सोड्याचा लेप रात्रभर ठेवलेला बरा. बाजारातला कॉस्टिकचा फवारा मात्र या ओव्हनमध्ये नकोच. त्याचा अंश राहिला तर पुढच्या आचेत आतला मुलामा खराब होतो.

धुराकडे दुर्लक्ष करू नये. खिडक्या उघडा. दम्याचा माणूस घरात असेल तर त्याला बाहेर पाठवा आणि पोपटाचा पिंजरा दुसऱ्या घरी न्या. या धुरानं पक्षी दगावू शकतात.

वडूजच्या स्वयंपाकघरातल्या ओटीजीला, म्हणजे टेबलावरच्या छोट्या ओव्हनला, आचेनं साफ करायचा हा नियम लावू नका. तो साधारण २५० अंशांपर्यंतच तापतो. रिकामा तापवून ठेवला तर तेल जळून जात नाही, उलट पत्र्यावर घट्ट बसतं. प्लग काढा, थंड होऊ द्या, खालचा ट्रे धुवा, आतून ओल्या फडक्यानं पुसा. तापणाऱ्या सळ्यांवर पाणी किंवा सोडा जाऊ देऊ नका.

आणि परदेशातल्यांनी सेल्फ-क्लीनचं काम दिवाळीच्या आदल्या दिवशी काढू नये. एवढ्या आचेत कधीकधी थर्मल फ्यूज उडतो आणि मेकॅनिक येईपर्यंत ओव्हन बंद राहतो.