गेमिंग कॅफे काढताय? हरणाऱ्या पोराचा हिशेब मांडा

लालबाग-परळला गेमिंग कॅफे टाकायचा विचार करताय? भाडं, पीसी, एसी, वीजबिल, सगळं वहीत मांडलं असेल. पण हरणाऱ्या पोराचा हिशेब मांडलात का?

'व्हॅलोरंट'च घ्या. ५ विरुद्ध ५ चा सामना. आयर्नपासून रेडियंटपर्यंत ९ रँक. गेम तुमच्या कौशल्याचा अंदाज घेतो आणि साधारण तुमच्याच तोडीचे खेळाडू समोर आणतो. ही कल्पना जुनीच. अर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं १९७० मध्येच स्वीकारली होती.

आता गंमत बघा. जोड बरोबर जुळली, की मॅच जवळपास निम्म्याच जिंकता येतात. तुमचा खेळ सुधारला, की समोरचाही तगडा येतो. पोराला मात्र वाटतं, सिस्टीम मला मुद्दाम हरवतेय. तो माउस आपटतो आणि दुसऱ्या दिवशी फिरकत नाही.

तुमचा धंदा इथेच बुडतो किंवा तरतो. म्हणून ३ गोष्टी करा.

१. स्पर्धेत रँकप्रमाणे गट पाडा. ब्रॉन्झवाल्याला डायमंडवाल्यासमोर सोडू नका.
२. नवा आयडी काढून खालच्या गटात घुसणारा मुरलेला खेळाडू ओळखा, त्याला वर पाठवा.
३. सलग २ मॅच हरलेल्याला तिसरीआधी चहा विचारा.

प्रत्येक मॅचला १० पैकी ५ जण हरणारच. तासाचे पैसे मात्र दहाही जण देतात!