तालुका कुठला?

ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी होता : ५१.५ टक्के. निम्म्या पुण्याला कोरोना होऊनसुद्धा गेला, असं रिक्षावाले सांगत होते, भाजीवाले सांगत होते, डॉक्टरही सांगत होते. प्रत्यक्षात तो आकडा पुण्याचा नव्हताच. येरवडा, कसबा-सोमवार पेठ, रास्ता पेठ-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती या पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांच्या रक्ताचा तो आकडा होता, आणि हे प्रभाग निवडले होते ते साथीची झळ जास्त बसलेले म्हणूनच. त्यातही लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के आणि कसबा-सोमवार पेठेत ३६.१. दोन्ही भाग एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सर्वेक्षणाच्या अहवालात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. रस्त्यावर येईपर्यंत मात्र आकडा तेवढा उरला आणि त्याचा पत्ता गळून पडला. त्या हिवाळ्यात मास्क खाली आले, लग्नं लागली, आणि ‘आता आपल्याला होऊन गेलंय’ हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं!

आकड्याला पत्ता चिकटवतं कोण, हे मला बघायचं होतं. दुसरी लाट ओसरल्यावर पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जायची परवानगी मिळाली. विषाणूच्या जनुकीय क्रमाचं वाचन करणारी प्रयोगशाळा म्हटल्यावर यंत्रं बघायला मिळतील असं वाटलं होतं. यंत्रं आहेतच. पण मी पुन्हा पुन्हा जाऊन बसले ती दाराजवळच्या नोंदणीच्या टेबलापाशी. तिथे हायपोक्लोराइटचा उग्र वास सतत असतो. येणारी प्रत्येक पेटी त्याने पुसून घेतात, टेबल पुसतात, हातमोजे बदलतात आणि पुन्हा पुसतात. घरी गेल्यावरही तो वास केसांत राहतो.

टेबलापलीकडे बसणाऱ्या ताई मूळच्या दर्यापूरच्या. ‘नाव छापू नका,’ म्हणाल्या, म्हणून छापत नाही. त्यांचं काम असं : जिल्ह्याजिल्ह्यांतून बर्फात घालून आलेल्या पेट्या उघडायच्या, एकेक नळी काढायची, तिच्यावरचा क्रमांक सोबतच्या तक्त्याशी ताडून पाहायचा, आणि जुळला तरच आत पाठवायची. नळीवरचं लिखाण ओलाव्याने फिसकटलेलं असतं. तक्त्यात कधी वय नसतं, कधी नमुना घेतल्याची तारीख नसते, आणि सगळ्यात जास्त वेळा रिकामा असतो तो पत्त्याचा रकाना. मग ताई फोन उचलतात. ‘हॅलो, तुमच्याकडून आलेला नमुना आहे जी. गाव वडगाव लिहिलंय. तालुका कुठला?’ पलीकडचा माणूस वैतागलेला असतो. वडगाव म्हणजे वडगाव, अजून काय सांगू? ताईंचा आवाज तसूभरही चढत नाही. ‘वडगावं लय आहेत जी महाराष्ट्रात. तालुका सांगा ना.’

त्या टेबलापाशी हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते पाठ झालं. पिंपळगाव, शिरसगाव, वडगाव. मोबाइलच्या अॅपवर नाव इंग्रजीत भरायचं, त्यामुळे एकाच वरूडची स्पेलिंगंही दोन-तीन. वैज्ञानिक मंडळींना हे काम कारकुनी वाटतं असं मी आधी बाहेर ऐकलं होतं. या प्रयोगशाळेतल्या वैज्ञानिकांना तसं वाटत नाही, हे इथे मुद्दाम सांगते. त्यांच्यातले एक जण मला म्हणाले, ‘शंभरातले पाच.’ म्हणजे काय, ते पुढे सांगते.

आधी रक्ताची गोष्ट. ताई २०२० मध्ये अशाच एका सर्वेक्षणात रक्त गोळा करणाऱ्या पथकाबरोबर वस्त्यांमध्ये फिरल्या होत्या. स्वॅब सांगतो की आज विषाणू आहे की नाही. रक्तातली प्रतिपिंडं सांगतात की तो येऊन गेला का. ज्याला ताप नाही, खोकला नाही, जो तपासणीला कधी गेलाच नाही, अशा माणसाकडेही विषाणू येऊन गेल्याची खूण रक्तात राहते. म्हणून सर्वेक्षणात आजारी माणसं शोधत नाहीत. चिठ्ठी टाकल्यासारखी घरं निवडतात आणि निवडलेल्या घरातच जायचं असतं. शेजारची बाई कितीही म्हणाली की माझंही घ्या, तरी घ्यायचं नाही. ताईंना हे सगळ्यात अवघड गेलं. ‘एका घरात सात माणसं, संडास बाहेर, सगळ्या आळीला मिळून एकच. शेजारीण म्हणते, माझ्या पोराला बघा. आणि मी म्हणायचं, तुमचं घर यादीत नाही.’ पुण्याच्या त्या अभ्यासातही हेच दिसलं होतं : जिथे शौचालय सामायिक, तिथे प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त. मुंबईत जुलै २०२० च्या सर्वेक्षणात तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि बाकीच्या वस्तीत १६ टक्के निघालं. एकाच वॉर्डात, एकाच नाक्यावर भाजी घेणारी माणसं. कोणाला घरात बसून राहता आलं आणि कोणाला नाही, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदावर मी वाचलेलं नाही.

प्रयोगशाळेत रक्ताचं सिरम वेगळं होतं आणि ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये जातं. खळग्यांच्या तळाशी विषाणूचं प्रथिन आधीच चिकटवलेलं असतं. प्रतिपिंडं असतील तर ती त्याला धरून बसतात, नसतील तर धुऊन जातात. धुणं, थांबणं, पुन्हा धुणं. शेवटी रंग देणारं द्रावण घातलं की काही खळगे निळे होऊ लागतात आणि आम्ल घातलं की पिवळे. किती गडद, ते यंत्र मोजतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा प्लेटवरचे पिवळे खळगे विरळ नव्हते, दाट होते. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरने चौथ्या देशव्यापी सर्वेक्षणाचा आकडा जाहीर केला तो ६७.६ टक्के. पहिल्या फेरीत, मे-जून २०२० मध्ये, हाच आकडा ०.७३ होता. त्या फेरीत महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे सहा जिल्हे होते.

पण लसीकरण सुरू झाल्यावर पिवळ्या रंगाचा अर्थच बदलला. कोविशिल्ड शरीराला विषाणूचं फक्त काट्याचं प्रथिन दाखवते. त्यामुळे काट्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसली तर ती लसीची की आजाराची, कळत नाही. विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धची प्रतिपिंडं दिसली तर संसर्ग होऊन गेलाय असं म्हणता येतं. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र अख्खा निष्क्रिय विषाणू आहे, तिथे ही खूणही पुरत नाही. म्हणजे ‘लस घेतली का, कुठली, कधी’ हा आणखी एक रकाना आला, आणि तोही कोणीतरी दारात उभं राहून भरून घ्यायचा.

रक्त एवढं सांगतं की विषाणू येऊन गेला. कुठला विषाणू, कुठल्या वाटेने, हे रक्त सांगत नाही. त्यासाठी पॉझिटिव्ह निघालेला स्वॅब लागतो, तोही भरपूर विषाणू असलेला. इथले लोक म्हणतात, ‘सीटी तीसच्या आत हवा.’ हा सीटीचा आकडा जितका कमी, तितका विषाणू जास्त. विषाणूचा आरएनए काढतात, त्याचा डीएनए करतात, आणि सुमारे ३० हजार अक्षरांचा तो मजकूर साधारण चारशे-चारशे अक्षरांच्या तुकड्यांनी वाढवतात. हे तुकडे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, म्हणून मधे फट राहत नाही. पुढचं यंत्र वाचतं आणि संगणक जुळवतो. महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलत जाणारा हा मजकूर, त्यामुळे कोणाचा कोणाशी किती जवळचा संबंध हे बदलांवरून लागतं. शेवटी तो जागतिक संग्रहात जातो. त्याच्या नावात इंडिया असतं, मग एमएच, मग प्रयोगशाळेचा क्रमांक, मग वर्ष. जिल्हा वेगळ्या रकान्यात. तो रिकामा राहिला तर नमुना ‘महाराष्ट्र’ एवढ्यावरच थांबतो. ३६ जिल्ह्यांच्या राज्यात ‘महाराष्ट्र’ ही माहिती म्हणजे काहीच नाही.

आता शंभरातले पाच. डिसेंबर २०२० च्या शेवटी केंद्राने दहा प्रयोगशाळा जोडून इन्साकॉग स्थापन केलं. पुण्यातल्या एनआयव्ही आणि एनसीसीएस त्यात होत्या. ठरलं असं की प्रत्येक राज्यातल्या शंभर पॉझिटिव्ह नमुन्यांमागे पाचांचा क्रम वाचायचा. शंभरातले पाच. दुसरी लाट उसळली तेव्हा देशात एक टक्काही होत नव्हतं. आणि त्याच काळात अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये रुग्ण झपाट्याने वाढत होते. अमरावतीत २२ फेब्रुवारी २०२१ ला टाळेबंदी लागली. त्याच्या तीन दिवस आधी राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितलं होतं की अमरावती, यवतमाळच्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा विषाणू सापडलेला नाही. ते खरंच होतं. पण जे वाढत होतं ते बाहेरून आलेलं नव्हतं. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र असलेले विषाणू डिसेंबरच्या तुलनेत वाढलेत, १५ ते २० टक्क्यांपर्यंत. हे बी.१.६१७ चं घराणं. त्याचीच एक शाखा, बी.१.६१७.२, जिच्यात ई४८४क्यू नाही, पुढे सगळ्यांना मागे टाकून गेली. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला डेल्टा म्हटलं, तोवर महाराष्ट्रातली लाट ओसरायला लागली होती.

ताईंचं माहेर, दर्यापूर, त्याच पट्ट्यातलं. फेब्रुवारीत घरून फोन यायचे, गल्लीतलं कोण कोण दवाखान्यात गेलं ते. त्या नोंदणीच्या टेबलापाशी बसून दर्यापूरच्या नळीची वाट बघत होत्या. ‘माझ्या गावचं काहीच येत नव्हतं जी. आजारी सगळे, आणि नळी येत नाही.’ हे सांगताना त्या तक्त्यावर बोट ठेवून होत्या, ओळ चुकू नये म्हणून.

शंभरातले पाच झाले असते तर लाट थांबली असती असं मी म्हणणार नाही. पण खाटा, ऑक्सिजन कुठल्या जिल्ह्यात आधी पाठवायचे, हे ठरवायला काही आठवडे मिळाले असते, असं मला मनापासून वाटतं. नंतर पद्धत बदलली. राज्यांनी ठरावीक प्रयोगशाळा आणि रुग्णालयं निवडायची आणि प्रत्येक ठिकाणाहून पंधरा दिवसांना पंधरा नमुने पाठवायचे. हे शहाणपणाचं झालं, कारण त्यामुळे नमुने एकाच शहरातून येणं थांबतं. तरी नोंदणीचं टेबल तसंच राहिलं. ताई सहा महिन्यांच्या ऑर्डरवर आहेत. ऑर्डर संपते, मधे काही दिवस जातात, नवीन निघते. त्या मधल्या दिवसांत पेट्या येतच असतात, आणि तक्ता ताडायला बसतो तो नवखा मुलगा, ज्याला वरूड कुठल्या जिल्ह्यात आहे हे माहीत नसतं. अब्जावधी अक्षरं वाचणाऱ्या यंत्राची देखभाल वर्षाच्या कराराने होते. या खुर्चीची का होऊ नये?

ताईंकडे एक निळी फाइल आहे. ज्यांचा पत्ता अर्धवट आहे त्यांचे कागद त्यात. या नळ्या फेकत नाहीत, पण प्लेटमध्ये जागा मोजकी असते आणि ती आधी पूर्ण माहितीच्या नमुन्यांना मिळते. मी शेवटची गेले त्या दुपारी फाइल बरीच जाड होती. ताईंनी बुलढाण्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावला. तिथल्या सिस्टर लसीकरणाला गेल्या होत्या. पुन्हा लावला. चौथ्यांदा सिस्टर भेटल्या, रजिस्टर आणायला गेल्या, आणि फाइलमधल्या नुसतं पिंपळगाव लिहिलेल्या पाच नमुन्यांपैकी तीन मेहकर तालुक्यातले आणि दोन चिखलीतले निघाले. ताईंनी पाचही कागद फाइलमधून काढले आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेटच्या यादीत चढवले.