मार्गदर्शक हवा, मालक नको

कच्छच्या छपाई कारागिरांची मुले डिझाइन शिकली. त्यांच्या अनुभवातून आपण काय घ्यावे?

आपल्या कारखान्यांतून शिकण्याची एक ठरलेली रीत आहे. शागिर्द उस्तादाजवळ बसतो. आधी झाडलोट, मग हत्यारे हातात देणे, मग कच्चे काम आणि शेवटी पक्के काम. उस्ताद फारसे बोलत नाही. त्याच्या हाताकडे पाहून शिकायचे असते. मिरजेचे सतारमेकर याच रीतीने तयार झाले, औरंगाबादचे हिमरू विणणारे याच रीतीने तयार झाले. ही रीत कमी प्रतीची आहे असे कोणी म्हणू नये. हात तयार करण्याची याहून चांगली शाळा अजून निघालेली नाही.

परंतु या शाळेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : हा माल कोणासाठी? पूर्वी तो विचारण्याची गरजच नव्हती, कारण गिऱ्हाईक दारात उभे असे. आज गिऱ्हाईक मुंबई, दिल्ली किंवा परदेशात बसले आहे आणि कारागीर व त्याच्यामध्ये दलाल, व्यापारी व डिझायनर अशी रांग लागली आहे. शहरातला डिझायनर कागदावर नमुना काढून आणतो, कारागीर तो बनवून देतो आणि मजुरी घेतो. पुढल्या हंगामात डिझायनर दुसरीकडे जातो. हुन्नर कारागिराचे, नाव मात्र दुसऱ्याचे.

ही रांग मोडायची तर कारागिराच्या मुलानेच डिझाइन शिकले पाहिजे. हा प्रयोग कच्छमध्ये झाला आहे. तेथे शिकणाऱ्यांना व्यावसायिक डिझायनरांच्या मार्गदर्शनाखाली काम करावे लागले. त्यात काय मिळाले आणि काय सोसावे लागले, हे आपल्या कारागीर बांधवांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

शहरात शाळा, गावात कारागीर

आपल्या देशात डिझाइनच्या शिक्षणाचा विचार सुरू झाला तो १९५८ साली. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने त्या वर्षी भारत सरकारला एक अहवाल दिला. गंमत अशी की त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केले ते आपल्या घरातल्या साध्या लोट्याचे. पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली आणि १९६९ साली मुंबईच्या आय.आय.टी.त औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले. या संस्थांतून मोठमोठे डिझायनर बाहेर पडले. त्यांचे विद्यार्थी खेड्यापाड्यांत जाऊन कारागिरांच्या कामाच्या नोंदी करीत, त्यातून शिकत. पण वर्गात बसणारा विद्यार्थी शहरातला आणि ज्याच्याकडून शिकायचे तो कारागीर गावातला, ही विभागणी बहुतेक तशीच राहिली.

२००५ साली कच्छमध्ये कला रक्षा विद्यालय सुरू झाले आणि ही विभागणी उलटी झाली. वस्त्रकलेच्या अभ्यासक ज्युडी फ्रेटर यांचा त्यात पुढाकार होता. २०१४ साली आदिपूर येथे सोमैया कला विद्या ही संस्था त्याच धर्तीवर निघाली. येथे प्रवेशाला दाखला लागत नव्हता. पिढीजात कला हातात असणे हीच पात्रता. वर्षभरात दोन-दोन आठवड्यांचे सहा वर्ग. मधल्या काळात कारागीर घरी जाऊन आपला धंदा सांभाळी आणि सोबत दिलेला अभ्यासही करी. रंग, रचना, बाजाराची ओळख, नव्या मालाचा संच तयार करणे आणि तो मांडणे, असे विषय. शिकवायला बाहेरून व्यावसायिक डिझायनर येत. अखेरीस परीक्षकांसमोर स्वतःचे काम मांडायचे. म्हणजे डिझायनर आला खरा, पण नमुना देणारा मालक म्हणून नव्हे, तर प्रश्न विचारणारा मार्गदर्शक म्हणून.

अजरखची पार्श्वभूमी

कच्छच्या खत्री बांधवांची अजरख छपाई आपल्यापैकी अनेक कापड व्यापाऱ्यांना माहीत आहे. पूर्वी हे कापड पशुपालक मालधारी पुरुष अंगावर घेत. गिरणीचे स्वस्त छापील कापड आले आणि हे गिऱ्हाईक तुटले. रासायनिक रंगांनी जुने रंगही मागे पडले होते. धमडका गावचे मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नैसर्गिक रंगांची विद्या पुन्हा उभी केली आणि मुलांना शिकवली. त्यांचे चिरंजीव इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडच्या लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात फरक पडला. रंगाऱ्याचे पाणी बिघडले की धंदाच बिघडतो. म्हणून अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले.

काम किती किचकट आहे ते पाहा. कापड धुऊन ते एरंडेल तेल, सोडा आणि उंटाच्या शेणाच्या मिश्रणात मुरवायचे. मग हिरड्याच्या पाण्यातून काढायचे. चुना व डिंकाचा ठसा मारून पांढरी रेघ राखायची. लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्याने काळा छापायचा. लाल हवा तेथे तुरटी छापायची. मग निळीच्या हौदात बुडवायचे आणि शेवटी मंजिष्ठेसारख्या रंगात उकळायचे. सर्व मिळून चौदा ते सोळा टप्पे. मध्ये धुलाई आणि ऊन आहेच.

“मोकळी जागा म्हणजे चोरी”

अशा अभ्यासक्रमातून शिकलेला अजरखपूरचा एक तरुण आम्हाला मुंबईच्या एका हस्तकला प्रदर्शनात भेटला. घरात छपाई पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ठसा इतका अचूक बसवतो की जोड शोधून सापडत नाही. त्याच्या मार्गदर्शक बाई मुंबईत कपड्यांच्या व्यवसायात बरीच वर्षे काढलेल्या. तो त्यांना ‘बेन’ म्हणतो.

पहिल्याच दिवशी बेननी त्याचे सर्वांत भारी कापड पुढ्यात घेतले आणि विचारले की यातले काय काढून टाकशील? त्याला राग आला. अजरखचे कापड भरगच्च असते, हीच त्याची किंमत. मोकळी जागा सोडणे म्हणजे गिऱ्हाइकाची चोरी, असे त्याच्या वडिलांनी शिकवलेले. घरी जाऊन त्याने तक्रार केली, तेव्हा वडिलांनीही मुलाचीच बाजू घेतली.

पण अभ्यास करणे भाग होते. त्याने त्याच ठशांनी एक दुपट्टा असा छापला की नक्षी एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाकडे विरळ होत जाते. पहिले चार नमुने फसले. विरळ भागात ठशाची बारीकशी चूकही उठून दिसे. भरगच्च कापडात ती लपून जात असे. पाचवा नमुना जमला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की मोकळी जागा राखणे हे कमी मेहनतीचे नव्हे, जास्त कसबाचे काम आहे. वडिलांनी तो दुपट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तोंडाने काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जुन्या ठशांची पेटी मुलासमोर उघडून ठेवली.

बेननी त्याला नक्षी काढून दिली नाही, हे येथे लक्षात घ्यावे. नक्षी त्याच्याच घरच्या ठशांची होती. बेननी फक्त प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत त्याला सोडले नाही.

मार्गदर्शकालाही शिकावे लागते

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. बेनना एका फिकट निळ्या छटेचे दहा तुकडे आठ दिवसांत हवे होते. तरुणाने त्यांना निळीच्या हौदाशी नेले. हौद गरम-गार झाला की छटा बदलते, ढगाळ दिवसात कापड वाळत नाही, पावसाळ्यात काम मंदावते, हे सर्व दाखवले. छटा कागदावर ठरवता येते, हौदात ती पाणी आणि ऊन ठरवतात. बेननी मुदत वाढवली आणि छटांमधला थोडा फरक हा दोष नाही, असे गिऱ्हाइकाला समजावण्याचे पत्रक त्याच्याकडूनच लिहून घेतले. पुढे तेच पत्रक त्याला प्रत्येक मालाबरोबर उपयोगी पडले.

ज्याला कारागिराच्या टप्प्यांची माहिती करून घ्यायची नाही, तो कितीही मोठा डिझायनर असला तरी मार्गदर्शक होऊ शकत नाही, हा यातला धडा.

हिशेबाची वही

आमच्या मते या तरुणाला सर्वांत मोठा फायदा झाला तो नक्षीत नव्हे, हिशेबात. बेननी त्याला प्रत्येक टप्प्याचा वेळ वहीत लिहायला लावला. त्याने तो आयुष्यात कधी लिहिला नव्हता.

आपल्या वाचकांसाठी एक नमुन्याचा हिशेब मांडतो. समजा, दहा दुपट्टे करायचे आहेत. कापड ३,००० रुपये, रंग व जळण १,२०० रुपये, पाणी व धुलाई ५०० रुपये, छपाईची मजुरी सहा दिवसांची ६०० रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये. एकूण ८,३०० रुपये, म्हणजे नगामागे ८३० रुपये. कारागीर १,००० रुपयांना दुपट्टा देतो आणि १७० रुपये सुटले असे समजतो.

आता राहिलेल्या रकमा धरा. स्वतःचे तीन दिवस ८०० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये आणि फसलेल्या नमुन्यांचा खर्च ८०० रुपये. खर्च झाला ११,५००. दहापैकी दोन नग डागी निघाले, विकण्याजोगे आठच उरले. म्हणजे नगामागे पडले १,४३७ रुपये ५० पैसे. १,००० रुपयांना विकणारा कारागीर प्रत्येक नगामागे चारशेहून अधिक रुपये स्वतःच्या खिशातून देत आहे आणि वर्षअखेर बरकत का नाही म्हणून नशिबाला दोष देत आहे!

ही वही ठेवायला कोणत्याही शाळेत जावे लागत नाही. भिवंडीचा कारखानदार असो की कोल्हापूरचा चप्पल करणारा, आज रात्रीपासून ती सुरू करू शकतो.

नाव कोणाचे?

शेवटी प्रश्न नावाचा. त्या तरुणाचा संच परीक्षकांसमोर गेला तो त्याच्याच नावाने. मार्गदर्शकाचे नाव आभारात होते, शिक्क्यावर नव्हते. सर्वत्र असे घडत नाही. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारखी पायताणे दाखवली, तेव्हा त्यांत कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय पायताणांची असल्याचे कबूल केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालापासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणून निदान बोट दाखवायला आधार होता. कच्छच्या अजरखला असे मानांकन २०२४ साली मिळाले, आणि मिरजेच्या सतार व तानपुऱ्यालाही त्याच वर्षी.

हे मानांकन सर्व समूहाचे असते. एखाद्या कारागिराने स्वतः नवे डिझाइन केले तर त्यासाठी २००० सालचा डिझाइन कायदा आहे. नोंदणी दहा वर्षांची, ती आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र डिझाइन खरोखर नवे पाहिजे. वाडवडिलांची पारंपरिक नक्षी आपल्या एकट्याच्या नावावर करता येत नाही. शिवाय अर्ज करण्यापूर्वी ते बाजारात मांडले तर हक्क गमावण्याचा धोका असतो. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन.

आपल्यासाठी चार गोष्टी

कच्छच्या अनुभवावरून कारागीर बांधवांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, डिझायनर दारात आला तर त्याला परत पाठवू नका, पण आधी विचारा : तुम्ही नमुना देणार की शिकवणार? दोन्ही कामे चांगली आहेत, मात्र दोहोंचा मोबदला वेगळा आहे.

दोन, नमुने करण्याचा खर्च कोणी सोसायचा, नाव कोणाचे लागेल आणि तेच डिझाइन दुसऱ्याकडून करून घेता येईल काय, हे कामाआधी कागदावर लिहून घ्या. साधे पानभर लिखाण, दोघांच्या सह्या. ओळखीच्या माणसाशी असे लिखाण करणे संकोचाचे वाटते, पण ओळख टिकते ती यामुळेच.

तीन, मार्गदर्शकाचा प्रश्न टोचला तरी एक नमुना करून पाहा. न पटल्यास पुराव्यानिशी नाही म्हणा. नुसते ‘आमच्यात असे करीत नाहीत’ हे उत्तर गिऱ्हाइकाला पुरत नाही.

चार, घरातला जो मुलगा किंवा मुलगी शिकते आहे तिला धंद्यापासून दूर ठेवू नका. कच्छच्या विद्यालयात कारागीर स्त्रियांचे वर्ग स्वतंत्रपणे चालत आणि त्यांनीही आपले संच स्वतःच्या नावाने मांडले.

अजरखपूरच्या त्या तरुणाकडे आता दोन चुलतभाऊ शिकायला बसतात. ठसा कसा धरायचा हे तो त्यांना वडिलांच्याच रीतीने शिकवतो, न बोलता. मात्र ठसा उचलण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहायला लावतो : हे कापड कोणासाठी आणि मला यात काय पडणार? एवढी एक ओळ आपल्या प्रत्येक कारखान्यात लिहिली गेली, तर आपले कारागीर मजूर म्हणून ओळखले जाणार नाहीत.