मनोमय

माझी आई जळगावकडची. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झुलवत कागदासारखा पातळ करायची आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायची. मी खिडकीबाहेर बघत बसले की म्हणायची, “मनातले मांडे पुरे झाले, ऊठ.” मनातल्या मांड्याने पोट भरत नाही, हे मीही धरूनच चालले होते. पुढे संभाजीनगरच्या शाळेत चित्रकला शिकवताना दर हिवाळ्यात मुलांना अजिंठ्याला नेऊ लागले, आणि सातव्या लेण्याने माझं मत बदललं.

मनापासून घडलेल्या वस्तूला बौद्ध ग्रंथांत नेमका शब्द आहे, मनोमय. मृण्मय म्हणजे मातीचं, सुवर्णमय म्हणजे सोन्याचं, तसं मनोमय म्हणजे मनाचं. मन इथे चक्क पदार्थ आहे. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात ध्यानात स्थिरावलेला भिक्खू आपल्या देहातून दुसरा देह काढतो. मुंज गवताच्या पात्यातून आतली काडी ओढावी किंवा म्यानातून तलवार उपसावी, तसा. त्या देहाला रूप आहे, सगळे अवयव आहेत, एकही इंद्रिय उणं नाही. ही काडीची उपमा मला फार प्रिय आहे. ती सुचलेल्या माणसाने ते गवत नक्की हाताळलेलं असणार.

असा पदार्थ काळ्या बसाल्टात दाखवायचा कसा? सिल्लोड, फर्दापूर ओलांडून, शहरापासून शंभरेक किलोमीटरवर त्याचं उत्तर आहे. लेणे 7 ला मोठा मंडप नाही. पुढे आलेल्या दोन ओसऱ्या ओलांडल्या की थेट गाभाऱ्यापुढची खोली. तिच्या भिंतींवर श्रावस्तीचा चमत्कार कोरलाय: बुद्धांनी एकाच वेळी आपली अनेक रूपं निर्माण केली, ती कथा. रांगांवर रांगा बुद्धांच्या, कोणी बसलेले, कोणी उभे. “बाई, यातले खरे कोणते?” असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मी म्हणते, देठ बघा. खाली नागांनी धरलेल्या एका कमळाच्या देठाला फांद्या फुटल्यात आणि प्रत्येक फांदीवर एक बुद्ध. कारागिराने मनोमय रूपं पुसट केली नाहीत, हवेत तरंगवली नाहीत. सगळ्यांना सारखाच दगड दिला, सारखीच ठसठशीत घडण दिली, आणि ती एकातून आलीत हे फक्त देठाने सांगितलं. इतका प्रामाणिक उपाय मी दुसऱ्या कुठल्या चित्रात-शिल्पात पाहिलेला नाही. लेणे 2 मध्ये हेच रंगांत आहे, भिंतभर रांगांनी बसलेले बुद्ध. तिथे मातीच्या गिलाव्यातला भाताचा तूसही कधीकधी दिसतो.

शेवटी मुलांना मी लेणे 24 पाशी बसवायची. वाकाटक राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला; अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीप्रमाणे साधारण 477 मध्ये. त्यानंतर इथली कामं थांबत गेली. हे विस्तीर्ण लेणं तसंच राहिलं. छिन्नीचे ओबडधोबड घाव, पुरते न सुटलेले खांब. खडक कोरताना काढलेला दगड परत लावता येत नाही, म्हणून आतलं सगळं आधी ठरलेलं असावं लागतं. मुलांना एवढंच काम असे: राहिलेलं लेणं काढा. चाळीस वह्यांत चाळीस लेणी व्हायची.

एकदा आईला सोबत नेलं होतं. सत्तरी उलटलेली, गुडघे दुखत होते, तरी आली. त्या अर्धवट खांबांकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “त्यांच्या मनात तरी हे पुरं झालं असेल ना गं?”