परभणीच्या मातीतलं ताट

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 पासून परभणीत आहे. तिथे निघालेल्या काही वाणांची नावंही गावावरूनच पडली. रब्बी ज्वारीचा ‘परभणी मोती’, 2018 मध्ये आलेला ज्वारीचाच ‘परभणी शक्ती’ आणि भेंडीचा ‘परभणी क्रांती’. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगाला तोंड देणारी भेंडी म्हणून ‘क्रांती’ महाराष्ट्राबाहेरही पोचली. ‘शक्ती’च्या दाण्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. रोज भाकरी खाणाऱ्या घरासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

पण भाकरीची चव ताज्या दळणात. जुन्या पिठाला चिकी राहत नाही, भाकरी थापताना कडा फाटतात. तेव्हा आधणाचं पाणी घालून पीठ मळावं. ज्वारी थोडी थोडी, आठवड्यापुरतीच दळून आणलेली बरी.

भाकरीसोबत अंबाडी हवीच. कोवळी पानं उकडून पाणी पिळून टाकायचं, म्हणजे जास्तीचा आंबटपणा जातो. मग ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ घालून भाजी मऊ शिजवायची, घोटायची. ताटात वाढल्यावर मधोमध खळगा करून त्यात लसणाची चरचरीत फोडणी ओतायची. लसूण तांबूस झाला पाहिजे, करपता कामा नये. इथे तेलात काटकसर करू नये.

आमटीला मराठवाड्यात येसर लावतात. धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं हे पीठ डब्यात असलं, की भाजी नसलेल्या दिवशीही दाटसर, खमंग आमटी झटपट होते.