वैशाखातील ऊन आणि संगणकाचे ग्राफिक्स कार्ड

वैशाख लागला की वर्धेची बाजारपेठ दुपारी ओस पडते. पारा ४५ अंशांपुढे जातो आणि घरोघरी कूलर घरघरू लागतात. त्याच वेळी घरातील एखाद्या खोलीत मुलाच्या संगणकात एक उपकरण तापत असते. ते म्हणजे ग्राफिक्स कार्ड. घरांचे आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि खेळ यांसाठी घेतलेल्या या कार्डाची किंमत काही हजारांपासून दोन लाखांच्या पुढेही जाते. एवढी वस्तू घरात आणताना तिचा उष्णतेशी असलेला संबंध समजून घेणे हिताचे आहे.

उष्णतेची वाट

एन्व्हीडिया कंपनीचे २०२२ मधील आरटीएक्स ४०९० हे कार्ड पूर्ण भाराने ४५० वॅटपर्यंत वीज घेते. म्हणजे छताच्या सहा साध्या पंख्यांइतकी. ती जवळजवळ सगळी अखेर उष्णताच होते आणि तिचा मोठा भाग जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीरुंदीच्या चिपमधून बाहेर पडतो.

चिपवर उष्णतावाहक लेपाचा पातळ थर असतो आणि त्यावर तांब्याचा तळ बसवलेला असतो. तेथून बंद तांब्याच्या नळ्या निघतात. नळीत अल्प द्रव असतो. गरम टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा द्रव बनते आणि नळीच्या आतील सच्छिद्र थरातून तो द्रव मागे परततो. ही उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत पसरते आणि पंखे तिला हवेत सोडतात. पात्यांच्या या जुडग्यामुळेच आजची मोठी कार्डे जाड व वजनदार झाली आहेत. आडवे बसवलेले कार्ड वजनाने खाली झुकू नये म्हणून त्याला आधार द्यावा लागतो.

खोलीचे तापमान हाच पाया

हवेवर थंड होणारे कार्ड खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारे कार्ड ४२ अंशांच्या खोलीत तेवढ्याच कामाला ८२ अंशांच्या आसपास जाते. साधारण ८३ ते ९० अंशांजवळ बहुतेक कार्डे स्वतःहून वेग कमी करतात. मग मोठी किंमत मोजूनही कार्डाचा पूर्ण वेग मिळत नाही.

येथे कूलरचा विचारही वेगळा करावा लागतो. त्याच्या गारव्याने खोली निवते, म्हणून तो उपयोगी आहे. परंतु झोत थेट संगणकावर आला तर पाण्याचे तुषार व क्षार आत जाऊन बसू शकतात.

वर्धा हा कापसाचा जिल्हा आहे. जिनिंगच्या परिसरात किंवा कापडाच्या दुकानात उडणारे सूक्ष्म तंतू पात्यांच्या फटींत अडकतात. त्यांचा थर साचला की हवा अडते आणि पंखे कितीही वेगाने फिरले तरी कार्ड निवत नाही.

थोडी काळजी

संगणक भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा, लाकडी कपाटात कोंडू नये. उन्हाळ्यापूर्वी वीजजोडणी काढून मऊ ब्रशने वा हवेच्या झोताने धूळ काढावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा ते अतिवेगाने फिरून बिघडू शकते. जुन्या कार्डाचा वाळलेला लेप मात्र जाणकाराकडूनच बदलून घ्यावा.

दुकानातील गल्ल्याचा हिशेब रोज होतो. यंत्राच्या उष्णतेचा हिशेब वर्षातून दोनदा पुरतो, पण तो चुकवला तर घातलेले भांडवल अकाली वाया जाते.