सँटोरिनीचा कडा बोटीतून वाचताना

सँटोरिनीला खासगी कॅटमरान घेऊन फिरायचा बेत असेल, तर बहुतेक फोटो तुम्ही वरच्या पांढऱ्या घरांचे काढाल. काढा की! पण मग नजर जरा खाली आणा.

बोट जिथून चाललीय ते साधं आखात नाही, तो कॅल्डेरा आहे. मॅग्मा झपाट्याने बाहेर पडला की वरच्या खडकाचा आधार जातो आणि तो खाली बसतो. इथे तो इतका खचलाय, की पाणी काही ठिकाणी जवळजवळ ४०० मीटर खोल आहे. मोठी क्रूझ जहाजं इथे नांगर टाकत नाहीत, ती यामुळेच.

आता कडा बघा. सर्वांत वरचा फिकट थर प्युमिस आणि राखेचा, इ.स.पू. १६०० च्या सुमाराच्या महास्फोटातला. अक्रोतिरी हे गाव याच थराखाली गाडलं गेलं. खालचे काळे-लाल पट्टे त्याहून जुन्या उद्रेकांचे. म्हणजे एकाच नजरेत लाखो वर्षं!

पलेआ कामेनीपाशी कोमट पाण्यात पोहायला उतराल, तेव्हा पांढरे कपडे नकोत. लोहामुळे ते पिवळट डागाळतात. शेजारच्या नेआ कामेनीचा शेवटचा उद्रेक १९५० चा. पण ज्वालामुखी संपला असं समजू नका. २०२५ च्या सुरुवातीला बेटाच्या ईशान्येला हजारो भूकंप झाले. खोलवर मॅग्मा खडकात घुसत होता, आणि वर हजारो लोक बोटी-विमानं पकडून बेट सोडत होते.